साक्षीची पुडी

पुडीकाकांच्या दुकानात कुठल्याही औषधाची एक पुडी नेहमी जास्त होत असे. डॉक्टरांनी चौदा लिहिल्या, तर काका पंधरा करत. चौदा रोग्याच्या हातात जात आणि पंधरावी एका छोट्या पाकिटात घालून, वर रोग्याची ओळख आणि तारीख लिहून, टेबलाच्या खणात ठेवली जाई. रोगी आपल्या पुड्या संपवून पुढच्या न्यायला आला, की मगच मागची टाकायची. हा नियम काकांच्या वडिलांचा, आणि ते तिला साक्षीची पुडी म्हणत. रोगी खोटं बोलेल, डॉक्टर विसरेल, आपण तर आपल्या सोयीचं तेवढंच आठवू, पण पुडीत जे आहे ते आहे, असं त्यांचं म्हणणं. वडिलांना जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्या पुड्यांकडे साक्ष मागायची वेळ कधी आली नव्हती. ती त्या मंगळवारी आली.

दुकान तसं दोन खोल्यांचं. पुढे काउंटरवर काकांची धाकटी बहीण बसे आणि कारखान्यातून आलेली औषधं विके. तिला सगळे धाकटीच म्हणत, स्वतः साठीला टेकली तरी. मागच्या खोलीत काका, त्यांचा तराजू, चिनी मातीचे तीन खल आणि कागदांचे चौकोनी गठ्ठे. ज्यांना गोळी गिळवत नाही, ज्यांना गोळीचा विसावा भाग पुरतो, ज्यांच्या मापाचं औषध कुठेच तयार मिळत नाही, ते सगळे त्यांच्याकडे येत. एका बाईंच्या हट्टी कुत्र्यासाठी त्यांनी मांसाच्या वासाचं औषध बनवलं होतं आणि ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. कारखान्याला माणूस दिसत नाही, सरासरी दिसते, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना त्यांची मान अशी काही ताठ होई, की समोरच्याला हसू आवरावं लागे.

त्या खोलीत एक कुलपाचं कपाट होतं आणि त्यात हृदयाच्या एका औषधाच्या दोन बाटल्या होत्या. दोन्ही तपकिरी काचेच्या, दोन्ही एकाच मापाच्या. एकीत औषध जसंच्या तसं, पांढरंशुभ्र. तिला घरात ‘असल’ म्हणत, आणि तिच्यातली चिमूटभर पूड धडधाकट माणसाला आडवं करायला पुरेशी होती. दुसरी ‘गुलाबी’. तिच्यात एक भाग असल आणि नव्व्याण्णव भाग दुधाची साखर. हे एकदम कालवून चालत नाही. जेवढं औषध तेवढीच साखर घेऊन खलायची, जेवढं झालं तेवढी आणखी साखर घालून पुन्हा खलायची, असं दुपटीदुपटीने वाढवत न्यायचं, आणि सुरुवातीलाच त्यात लाल रंगाचा एक कण टाकायचा. रंग सगळीकडे सारखा चढला, म्हणजे औषधही सारखं पसरलं. आणि ज्या पुडीला गुलाबी झाक आहे तिच्यात असल थेट पडलेली नाही, ही दुसरी खात्री. पुड्या नेहमी गुलाबीतूनच व्हायच्या. धाकटीने दोन्ही बाटल्यांवर छापील लेबलं चिकटवली होती, पण लेबल वाचणं काकांना कमीपणाचं वाटे. गुलाबी डावीकडे, असल उजवीकडे, आणि वर रंगाची साक्ष. एवढं त्यांना चाळीस वर्षं पुरलं होतं.

आता जे सांगायचं ते काकांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगून ऑपरेशनची तारीख विचारली होती. काकांनी ‘कळवतो’ म्हणून चिठ्ठीच्या चार घड्या केल्या, ती खिशातल्या पाकिटात कोंबली आणि घरी चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगून वेळ मारून नेली. ऑपरेशन अगदी किरकोळ, संध्याकाळी माणूस घरी येतो. भीती ऑपरेशनची नव्हती. भीती ही, की महिनाभर आपण या खुर्चीवरून उठलो आणि धाकटीने तो महिना व्यवस्थित निभावला, तर मग आपलं इथे काय काम? काकांचा राग येतो तो इथे. कारण तराजूचे मोठे आकडे त्यांना दिसत होते, हात अजून स्थिर होता, पण फिकट रंग एकेक करून निघून गेले होते. पांढरं त्यांना मळकट पिवळं दिसे आणि फिकट गुलाबीही अगदी तसंच.

त्या मंगळवारी सकाळी शेजारचे घड्याळवाले आले. काकांचे बालपणीचे मित्र. एरवी आल्याबरोबर खुर्ची ओढून चहा मागणारा माणूस त्या दिवशी उभाच राहिला. त्यांच्या मुलीचं बाळ तीन महिन्यांचं, जन्मापासून हृदय कमकुवत. तयार थेंब बाजारात मिळेनात, म्हणून बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी पुड्या लिहून दिल्या होत्या, आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, पहिली आज सहाला. चिठ्ठी दिल्यावरही घड्याळवाल्यांचा हात काउंटरवरच राहिला. काकांनी तो दाबला आणि म्हणाले, की बारा वाजता ये, घेऊन जा, आणि काळजी माझ्यावर सोड.

डावीकडची बाटली काढली, मापून घेतली, साखर मोजली, दुपटीने वाढवत खललं. काम सुरेख झालं. एवढंच, की सुरुवातीची पूड बत्त्याला जरा जास्त चिकटत होती. हवा दमट असेल असं म्हणून त्यांनी ती खरवडून घेतली. असं तीव्र औषध असलं की धाकटीने एकदा डोळ्यांखालून घालायचं असं ठरलेलं होतं, पण समोर गिऱ्हाइकांची गर्दी होती. तिने दारातूनच विचारलं, गुलाबी बघितलीस ना? काकांनी बघितली म्हणून सांगितलं. चौदा पुड्या डबीत गेल्या आणि पंधरावी खणात.

घड्याळवाले डबी घेऊन गेल्यावर सुतार आला. खण अडकत होता म्हणून काकांनीच त्याला निरोप धाडला होता. त्याने खण काढला, कडा तासल्या, मेण चोळलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. त्याची आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. म्हातारीला गोळी गिळता येत नसे, म्हणून तीन वर्षं तिच्या हृदयाच्या पुड्या इथूनच जात. सुतार खणाच्या पट्ट्या पुसत बोलत राहिला. शेवटी शेवटी खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं, म्हणाला, पण तुमची पुडी मात्र मी नेमाने देत होतो, एकही चुकवली नाही. आणि एक गंमत सांगितली. शेवटच्या दिवशी आई म्हणत होती, की भिंतींना पिवळा रंग कोणी दिला रे, सगळं घर पिवळं दिसतंय. सुतार हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. उद्या कपाटाचं दारही नीट करतो, असं सांगून तो गेला.

चार वाजता गर्दी ओसरली आणि धाकटी मागच्या खोलीत आली. कपाट उघडून ती समोर स्टुलावर बसली आणि कोणतं औषध संपत आलंय याची यादी करू लागली. मध्येच मान न वळवता म्हणाली, “काल हे कपाट पुसलं ना, तेव्हा बाटल्या घाईघाईत कशाही ठेवल्या मी. सकाळी तुझा घोळ नाही ना झाला?”

“माझा घोळ? डोळे काय घरी ठेवून येतो का मी?” काका म्हणाले.

ती हसली आणि पुन्हा यादीत गुंतली. काका मात्र कालच्या सोमवारचा हिशेब करू लागले. कपाट ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुसे आणि लेबल वाचणाऱ्या माणसाला कोणती बाटली डावीकडे याचं काय पडलेलं असतं? सकाळी आपण डावीकडची उचलली. ती कोणती होती? बत्त्याला चिकटणारी पूड त्यांना आठवली. साखर कधी अशी चिकटत नाही, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी हवेला दोष दिला होता. उठून लेबलावर भिंग धरावं, तर धाकटी कपाटासमोरच बसलेली. तिला काय सांगणार?

त्यांनी आवाज न करता खण ओढला. तो आता लोण्यासारखा सरकत होता. बाळाची साक्षीची पुडी काढली आणि पाय मोकळे करून येतो म्हणून ते बाहेर पडले. उन्हात उभं राहून त्यांनी पुडी उलगडली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा काढून पाहिली. मळकट पिवळी. सदऱ्याची बाही मळकट पिवळी, फुटपाथची फरशीही मळकट पिवळी.

समोरच्या दुकानाचं शटर एक रंगारी रंगवत होता. काका रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेले. पुडी पुढे करून, अगदी सहज विचारावं तसं, यात गुलाबी झाक कितपत आहे असं विचारलं. रंगारी शिडीवरून उतरला, हात चिंधीला पुसले आणि कागद उजेडाकडे तिरका धरून त्याने नीट पाहिलं.

“काका, तीस वर्षं रंग कालवतोय मी. यात गुलाबी नाही, पिवळं नाही, काहीच नाही. पांढरं आहे, चुन्यासारखं.”

पुडीची घडी घालताना पूड थोडी सांडली, ती त्यांनी बोटाने गोळा करायचा प्रयत्न केला. रंगारी चमत्कारिक नजरेने पाहत राहिला. घड्याळात पाच वाजून गेले होते.

माणसाचं मन किती नीच असतं बघा. तीन महिन्यांच्या लेकरापर्यंत शंभरपट औषध पोचलेलं, आणि रस्ता ओलांडून परत येईस्तोवर काकांच्या डोक्यात एक थाप तयार होती. घड्याळवाल्यांना फोन करायचा, पुड्यांना ओल लागलीय म्हणून सांगायचं, बदलून देतो म्हणायचं. बाळही वाचेल आणि खुर्चीही. त्यांनी काउंटरवरून घड्याळवाल्यांच्या दुकानात फोन लावला. घंटा वाजत राहिली. भिंतीपलीकडे तीच घंटा त्यांना ऐकू येत होती, आणि मग लक्षात आलं की दुकान केव्हाच बंद झालंय, आजोबा नातवाकडे गेलेत. मुलीचा नंबर धाकटीच्या मोबाइलमध्ये होता. आणि ओल लागली एवढंच सांगितलं, तर आजच्या दिवस चालेल म्हणून ते एक पुडी देऊन मोकळे होतील, हेही त्यांना स्पष्ट दिसलं.

ते मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“धाकटे,” ते म्हणाले, “बाळाच्या पुड्या असलमधून केल्या गेल्यात. मला गुलाबी रंग दिसत नाही. आठ महिने झाले, दिसत नाही.”

धाकटीने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही, तिने मोबाइल उचलला. दोनदा लाइन व्यस्त लागली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेपाचच्या पुढे सरकत होता. तिसऱ्यांदा मुलीने उचलला. बाळ लवकर जागं झालं होतं, रडत होतं, म्हणून त्यांनी सहाची वाट न बघता पुडी पाण्यात कालवली होती. आजोबांनी बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि मुलीच्या हातात चमचा होता.

“चमचा खाली ठेव,” धाकटी म्हणाली. “आधी चमचा खाली ठेव, मग मी सांगते. ठेवलास? त्याच्या ओठाला लागलंय का काही?”

लागलं नव्हतं. तिने दोनदा विचारून खात्री केली, हात साबणाने धुवायला सांगितले आणि डबीला कोणी हात लावू नका, मी निघालेच, असं म्हणून स्कूटरची किल्ली घेतली. जाताना तिने कपाटाला कुलूप घातलं. ती किल्लीही तिने आपल्या पर्समध्ये टाकली. काकांना ते दिसलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं.

दुकानात काका एकटे राहिले. बाळ वाचलं होतं. खुर्चीत बसून ते लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी साक्षीची पुडी परत ठेवायला खण ओढला. सुताराने इतकं मेण चोळलं होतं की तो एका बोटाने पूर्ण बाहेर आला, पार मागच्या पाकिटांपर्यंत. सगळ्यात मागे एक पाकीट होतं, त्यांच्याच ठसठशीत अक्षरातलं. ‘सुताराची आई’. पुड्या संपवून पुढच्या न्यायला कोणी आलंच नव्हतं, म्हणून ते नियमाप्रमाणे तिथेच राहिलं होतं.

तारीख त्यांनी भिंगातून वाचली. दोन महिन्यांपूर्वीचा मंगळवार. महिन्याचा पहिला सोमवार गेल्यानंतरचा मंगळवार. म्हातारी त्याच आठवड्यात शुक्रवारी गेली होती. अठ्ठ्याऐंशीची होती, सगळे म्हणाले सोनं झालं. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. सगळं घर पिवळं दिसत होतं. हे औषध जास्त झालं की काय होतं, ते वडिलांनी त्यांच्याकडून पहिल्याच वर्षी पाठ करून घेतलं होतं. आधी मळमळ, मग उलट्या, मग नजरेला पिवळेपणा, मग नाडी. दुपारी सुतार हेच सगळं तोंडाने सांगत होता आणि आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. पण त्या वयात कोणालाही मळमळतं, हेही खरं. म्हातारीच्याही डोळ्यांत मोतीबिंदू असेल, आपल्यालाही तर सगळं पिवळंच दिसतं. काका एकदा हे धरत, एकदा ते. पाकीट मुठीत घट्ट धरून ते बसून राहिले.

धाकटी सात वाजता आली. तेरा पुड्या, एक रिकामा कागद आणि तो चमचासुद्धा तिने आणला होता. तिने स्वतः लेबलं वाचून नव्या पुड्या केल्या, काकांच्या खुर्चीत बसून. घड्याळवाले बाहेर थांबले होते. आत येऊन ते काकांशी काहीच बोलले नाहीत. डबी घेतली, धाकटीला नमस्कार केला आणि निघून गेले. साठ वर्षांच्या मैत्रीत असं कधी झालं नव्हतं.

मग काकांनी मूठ उघडली. पाकीट चुरगळलं होतं.

“याचा रंग सांग,” ते म्हणाले.

धाकटीने वरची अक्षरं वाचली. मग तिने पुडी काढली आणि दिव्याखाली नेऊन उलगडली. काकांना तिची पाठ दिसत होती. ती बराच वेळ तशीच उभी होती. रंग बघायला एवढा वेळ लागत नाही, रंगाऱ्याला तर क्षणही लागला नव्हता.

“गुलाबी आहे,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“बघितलं दादा. गुलाबी आहे. नेहमीसारखी.”

काकांनी श्वास सोडला. टाकाऊ औषधासाठी झाकणाचा डबा होता, आणि डब्यात काय टाकलं ते वहीत लिहायचं, हाही वडिलांचाच नियम. धाकटीने वही उघडली नाही. ती मोरीपाशी गेली आणि काकांना नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी बराच वेळ वाहत होतं. मग कागद फाडल्याचा आवाज आला, बारीक बारीक तुकडे केल्याचा.

हात पुसत ती परत आली. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, सकाळी नऊला, मी येते बरोबर, असं तिने सांगितलं. काकांनी मान हलवली. तिने दिवे मालवले, शटर अर्धं खाली ओढलं आणि तिथेच क्षणभर थांबली.

“आणि सुतार येईल उद्या कपाटासाठी,” ती म्हणाली. “त्याच्याशी तू काही बोलू नकोस.”

पुडी गुलाबी होती, तर बोलण्यासारखं काय होतं? काकांच्या तोंडावर आलं होतं हे, पण त्यांनी ते विचारलं नाही. वाकून ते शटरखालून बाहेर आले आणि धाकटीने कुलूप लावेपर्यंत बाजूला उभे राहिले.